सहावा बोल्ट

म्हार्दोळला मी पडले ती उभ्या उभ्या. सकाळचे सव्वासहा वाजलेले, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, रस्ता कोरडा, आडवं कोणी आलेलं नाही. देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याशी मी थांबले, डावा पाय सोडवायला टाच बाहेर वळवली आणि पाय सुटलाच नाही. मग पावसात भिजून जड झालेली केळ जशी कलते, तशी मी सायकलसकट सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल अशी आडवी झाले. जायांच्या माळा घेऊन बसलेल्या बायकांपैकी दोघी धावल्या. मागून पों पों करत पोदेर येत होता. त्याने पावांच्या टोपलीची सायकल स्टँडवर लावली, खाली वाकून माझा पेडलला चिकटलेला बूट पाहिला आणि विचारलं, "पांय कित्याक बांदून दवरला गे बाय?"

प्रश्न रास्त होता. तो पायात रबरी चपला घालून रोज माझ्यापेक्षा जास्त सायकल चालवतो, आणि त्याचा पाय कधी कुठे अडकलेला मी पाहिलेला नाही.

मी गोव्यातल्या फोंड्याची. शाळेत शिकवते, वय सत्तेचाळीस. सायकल चाळिशीत सुरू केली आणि चार वर्षांपूर्वी हे खटक्याचे बूट घेतले. बुटाच्या तळव्याला तीन बोल्टनी एक तिकोनी प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. ती पेडलमध्ये दाबली की 'टक्' असा आवाज होतो आणि पाय पेडलला जोडला जातो. टाच बाहेर वळवली की सुटतो. गंमत म्हणजे, यात पाय क्लिपसारखा अडकतो आणि तरी त्याचं नाव 'क्लिपलेस'. जुन्या रेसिंग सायकलींच्या पेडलवर लोखंडी पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. १९८४ साली लुक या फ्रेंच कंपनीने स्कीच्या बुटांना असतो तसला खटका पेडलला आणला आणि पिंजरा गेला, म्हणून क्लिपलेस. पुढच्याच वर्षी बर्नार इनो ते पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला. हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदा सांगितलेलं आहे. दुसऱ्यांदा कोणी ऐकून घेतलं नाही.

म्हार्दोळला पाय का सुटला नाही, तर आदल्या आठवड्यात मीच पेडलची पकड आवळली होती. आणि आवळली का, तर त्याच्या आधी महिनाभर तोच पाय नको तेव्हा सुटत होता. फर्मागुढीचा चढ उभं राहून मारताना दोनदा डावा बूट फटकन बाहेर आला. एकदा नडगीला पेडल लागून काळंनिळं झालं. पेडलच्या मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो आवळला की आतली स्प्रिंग घट्ट होते. मी चार-पाच आटे दिले आणि प्रश्न सुटला असं धरून चालले. झालं एवढंच की, पूर्वी पाय धरत नव्हता, आता धरलेला सोडत नव्हता. आणि चढावर बूट पेडलवर डुलायचा तो डुलतच राहिला.

त्याआधीचं तर सांगायलाच लाज वाटते. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सहा महिने बारीक दुखत होतं. मी सीट वर केली, खाली केली, मागे सरकवली. गुडघ्याला पट्टा बांधला. शाळेच्या जिन्याला दोष दिला, वयाला दिला. पेडल करकर वाजायचं, तर साखळीला तेल दिलं. बूट उलटा करून बघायचं एकदाही सुचलं नाही. चार वर्षं रोज तो बूट काढून व्हरांड्यात ठेवत होते, आणि पावसाळ्यात त्यात कालच्या पेपराचे बोळे कोंबत होते.

पडल्यावर घरी येऊन तो उलटा केला. या प्रकारच्या, शिमानो कंपनीच्या क्लीटला कोपऱ्यांवर पिवळी रबरी टोकं असतात. ती नुसती शोभेची नसतात; ती झिजून आतलं प्लास्टिक दिसू लागलं की क्लीट बदलायची, एवढा साधा इशारा. माझ्या उजव्या बुटाला पिवळ्याची जेमतेम किनार उरली होती. डाव्याला पिवळं नावालाही नव्हतं, आणि पुढचं नाक, जे पेडलच्या खाचेत जाऊन बसतं, ते तिरकं तासल्यासारखं झालेलं. मग बूट पायात न घालता हातानेच पेडलमध्ये अडकवून हलवून पाहिला. टाच डावी-उजवीकडे थोडी फिरते, दार बिजागरीवर फिरावं तशी. ती फिरायलाच हवी, गुडघ्यासाठी ती मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. पण माझा बूट त्याशिवाय वरखाली आणि कडेला कलत होता, पडायला आलेल्या दातासारखा. उजवा थोडा, डावा बराच. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला काही हत्यार लागत नाही.

डावाच का, हेही मग लक्षात आलं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, थांबताना डावा पाय खाली. सिग्नलला डावा, गुरं आडवी आली की डावा, चहाच्या गाड्यापाशी डावा. शिवाय ही क्लीट सायकल चालवून फारशी झिजत नाही, बूट घालून चालल्याने झिजते. माझी चाल मी मोजली: मंगेशीच्या आवारापर्यंतचा फरसबंद रस्ता, जुन्या गोव्यात चर्चपासून फेरीच्या धक्क्यापर्यंतची पायपीट, दिवाडी बेटाच्या फेरीबोटीचा खरखरीत लोखंडी रॅम्प, घराच्या चिऱ्याच्या सात पायऱ्या. चिरा म्हणजे सँडपेपरच. त्यावर रोज सात पायऱ्या खाली आणि सात वर, चार वर्षं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. नवी जोडी मागवायची आणि लावायची. जुनी काढताना मात्र गोव्याने आपला हिशेब मागितला.

जुनी काढण्याआधी तिच्या कडेने मार्करने रेघ मारून ठेवायची असते, म्हणजे नवी त्याच जागी बसवता येते. तेवढं मी केलं, फोटोही काढले. मग चार मिलिमीटरची ॲलन की घेतली आणि उजव्या बुटाचे तीन बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. डाव्याचे दोन निघाले. सहावा, पुढचा एकटा, निघेना. त्याच्या डोक्यातल्या षट्कोनी खाचेत लाल माती सिमेंटसारखी बसलेली होती. मी तशीच की आत घातली, अर्धीच गेली. जोर केला आणि की आतल्या आत गरकन फिरली. खाच गुळगुळीत झाली. तो आवाज सायकलवाल्यांना माहीत असतो. पोटात खड्डा पडतो.

चूक साधी होती आणि ती आता मी डोळे मिटून सांगू शकते. आधी सेफ्टी पिनने खाचेतली माती पूर्ण टोकरून काढायची. मग की आत घालून हातोडीने दोन हलके ठोके द्यायचे, म्हणजे ती तळापर्यंत बसते. मगच फिरवायची. पण मी पाच बोल्ट निघाल्याच्या आनंदात होते.

मग घरगुती उपाय झाले. सासूबाईंनी खोबरेल तेल सुचवलं. आमच्याकडे केसांपासून कुलपापर्यंत सगळ्याला तेच. ते घातलं, बूट वासाला छान झाला. नवऱ्याने गंज सोडवायचा स्प्रे आणला, तो रात्रभर मुरवला. सकाळी बोल्ट होता तिथेच होता, आणि मार्करची रेघ मात्र स्प्रेने पुसून गेली होती. फोटो काढून ठेवले होते ते बरं.

हा बोल्ट इतका का धरला, याला कारणं भरपूर. बोल्ट पोलादी, तळव्यात बसवलेली चकतीही धातूची. पावसाळ्याचे चार महिने बूट कधी नीट वाळतच नाहीत. वरून घाम झिरपतो, खालून लाल चिखल. शिवाय रविवारी आम्ही मिरामारला जातो, तिथली हवा खारी. आणि चार वर्षांपूर्वी हे बोल्ट लावताना कोणी आट्यांना ग्रीसचा थेंबही लावलेला नव्हता. लावणारं कोणी म्हणजे मीच.

शेवटी बूट पिशवीत घालून कुर्टीला एका स्कूटरच्या गॅरेजात गेले. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. भूगोलात कायम काठावर पास, पण वर्गातला बिघडलेला पंखा त्यानेच सुरू केला होता. त्याने बूट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला.

"टीचर, हांव स्कूटरां दुरुस्त करतां, बूट न्हय."

मी म्हटलं, बूट नाही, बोल्ट काढायचाय. मग तो गंभीर झाला. आधी त्याने ताऱ्याच्या आकाराचा टॉर्क्स बिट, टी-२५, त्या गुळगुळीत खाचेत हातोडीने ठोकून बसवला. चार मिलिमीटरच्या खराब झालेल्या खाचेला तो जरासा मोठा होतो, म्हणून कडा धरतो. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. आमचं नाही झालं. बिटने थोडी पकड घेतली आणि उरलीसुरली खाचही खरवडून बाहेर आला. मी म्हटलं, ड्रिलने बोल्टचं डोकंच उडवू या. तो नको म्हणाला. ड्रिल तापतं, तळवा नायलॉनचा, चिकटवलेला. आणि ड्रिल कडेला घसरलं तर आतल्या आट्यांची वाट लागेल. मग बूटच फेकावा लागेल.

तेवढ्यात मी क्लीटवर बोट ठेवून म्हटलं, हिला ओरखडा न येता काढता आलं तर बघ. हे मी का म्हणाले देव जाणे. हातात धरलेली वस्तू सांभाळायची सवय. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हें उडोवपाचेंच न्हय? मागीर ताका कित्याक इतलें सांबाळटात?"

फेकायचीच आहे तर सांभाळायची कशाला, हे खरंच. आणि हॅकसॉचं पातं हातात घेऊन त्याने क्लीटच कापायला घेतली. बोल्टच्या चारी बाजूंचं प्लास्टिक कापत, पक्कडीने तुकडे मोडत गेला. तळव्याला पातं लागू नये म्हणून शेवटचा पातळ थर नुसता पिळून तोडला. दहा मिनिटांत क्लीटचा चुरा झाला आणि इतका वेळ खड्ड्यात लपलेलं बोल्टचं डोकं, खालच्या वॉशरसकट, उघडं पडलं. आता खाच असली काय नि नसली काय. त्याने व्हाइस-ग्रिपचे, म्हणजे घट्ट आवळून धरणाऱ्या पक्कडीचे, दात डोक्याच्या दोन्ही कडांवर आवळले, एकदा किंचित उजवीकडे घट्ट केल्यासारखं फिरवलं, मग डावीकडे. 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं तुटला.

"आतां येता, पळय."

आला. आट्यांवर नारिंगी भुकटी. त्याने चांगल्यांतला एक बोल्ट घासून पुसून, तेल लावून त्याच भोकात आत-बाहेर पाच-सहा वेळा फिरवला, आटे साफ झाले. पैसे घेईना. मी दुसऱ्या दिवशी घरचे नेवऱ्यांचे डबे पोचवले, ते मात्र घेतले.

प्लास्टिकच्या क्लीटचा हा फायदा डोकं ताजं असतं तर मलाही सुचला असता. डोंगरी सायकलच्या दोन बोल्टवाल्या क्लीट लोखंडी असतात, त्यांना हा उपाय चालत नाही, तिथे ड्रिलच.

आता नवी जोडी. ही कुरिअरने आधीच येऊन पडली होती, आणि दुसरी फजिती तिथे झाली. मडगावचा आमचा एक मित्र लुकचे पेडल वापरतो. गुडघा दुखतो म्हटल्यावर तो म्हणाला होता, "लाल घे, लालला सगळ्यात जास्त मोकळीक." मी लाल मागवल्या. शिमानोच्या. घालून जुन्या गोव्यापर्यंत गेले. जाताना टक् असा खणखणीत आवाज ऐकून इतका आनंद झाला की बाणस्तारीच्या पुलावर उगाचच पाय दोनदा काढून घातला. परतताना कुंडईपासून गुडघा बोलू लागला. घरी जिना चढताना रेलिंग धरावं लागलं, आणि या वेळी दोन्ही गुडघे.

मग पाकीट कचऱ्याच्या डब्यातून काढून वाचलं. लुकच्या केओ क्लीटमध्ये लाल म्हणजे नऊ अंशांची मोकळीक, करडी साडेचार, काळी शून्य. शिमानोच्या रस्त्याच्या क्लीटमध्ये पिवळी सहा अंश, निळी दोन, आणि लाल शून्य. म्हणजे मित्राचं बरोबर होतं, त्याच्या पेडलपुरतं. एका कंपनीच्या लालमध्ये पाय सगळ्यात मोकळा, दुसरीच्या लालमध्ये खिळा ठोकल्यासारखा गच्च. माझा पाय चालतानाही थोडा बाहेर वळलेला असतो. त्याला चाळीसेक किलोमीटर नाकासमोर सरळ धरून ठेवलं तर गुडघा ओरडणारच. ती लाल जोडी अजून कपाटात आहे. एकदाच वापरलेली. कोणाला द्यावी म्हटलं तरी ज्याचे पाय फूटपट्टीसारखे सरळ पडतात असा माणूस ओळखीत नाही.

पुन्हा दीड-दोन हजार घालून पिवळ्या मागवल्या.

बसवण्याचं काम शांतपणे केलं, एका रविवारी दुपारी. फोटोवरून जुनी जागा कळत होती, पण ती तशीच उतरवायला मन होईना. डावी क्लीट उजवीपेक्षा स्पष्ट तिरकी बसलेली दिसत होती. ती कधीतरी सरकली असणार आणि मी तशीच चालवत राहिले असणार. म्हणून जुनं बाजूला ठेवून पायावरून मोजलं. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथे बुटावर बाहेरून टेपचा तुकडा लावला, आणि तो पेडलच्या आसाच्या रेषेत किंवा केसभर पुढे येईल अशी क्लीट मागेपुढे केली. दोन्ही बूट शेजारी ठेवून नाकं सारखी आहेत ना ते पाहिलं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावलं, या वेळी हात आखडता न घेता. एकच बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने. यांना पाच ते सहा न्यूटन-मीटर इतका जोर पुरतो. मोजायचा पाना माझ्याकडे नाही, तो आमच्या गटातल्या एकीकडे आहे, तिच्याकडून आणला. तिने शनिवारी मागितला, मी सोमवारी परत केला, त्यावरून थोडं झालं.

पेडलच्या मागचा तो स्क्रू विसरले नाही. आवळलेले सगळे आटे सोडून अगदी सैल केला आणि घराच्या व्हरांड्यात खांबाला धरून पन्नासेक वेळा पाय अडकवला-सोडवला. शेजारच्या मुलांनी मोजलं. नवी क्लीट सुरुवातीला जरा कडक असते, स्प्रिंग सैल असली तरी पकड पुरेशी मिळते. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासले. दोन बोल्ट पाव आटा आत गेले. प्लास्टिक दबून बसतं, म्हणून ही दुसरी तपासणी चुकवायची नाही.

गुडघा बरा व्हायला तीन आठवडे लागले. करकर पहिल्याच दिवशी थांबली. फर्मागुढीला उभं राहून चढताना पहिले काही दिवस मी श्वास रोखून धरायचे, मग विसरून गेले.

याला आता आठ महिने झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बूट उलटे करते आणि बोल्टच्या खाचा सेफ्टी पिनने टोकरते. पावसाळ्यात एकदा सहाही बोल्ट मुद्दाम सोडून, ग्रीस लावून परत बसवले. क्लीटवर घालायची रबरी कव्हरं घेतली आहेत, जर्सीच्या मागच्या खिशात मावतात. फोन आणि ती एकाच खिशात ठेवली तर फोनवर चिखल लागतो, तेवढं सोसते. डाव्या क्लीटच्या तिन्ही कोपऱ्यांवर अजून पिवळं शाबूत आहे.

गेल्या रविवारी दिवाडीला गेले. फेरी धक्क्याला लागली तसे मी बूट काढले, मोजे आत कोंबले आणि एका हातात बूट, दुसऱ्या हातात सायकल अशी अनवाणीच रॅम्पवरून चढले. साखळी धरून उभा असलेला फेरीवाला बघत राहिला.

"बूट हातांत आनी पांय उकते? उरफाटें गे बाय!"

कव्हरं त्या दिवशी घरी विसरले होते.